गर कुणाचा?

दिवाळी अंकासाठी मॅकाडेमियावर लिहा, असा संपादकांचा निरोप मे महिन्यात आला. तांत्रिक नको, आमच्या वाचकांना कळेल असं लिहा, हेही बजावलेलं. मी हो म्हटलं. वेंगुर्ल्याजवळ काजूच्या बागेत वाढले, दापोलीला शिकले आणि गेली वीस वर्षं ऑस्ट्रेलियात, क्वीन्सलँडमधल्या बंडाबर्गच्या परिसरात बागायतदारांना परागीभवनाचा सल्ला देते आहे. लेख सहज होईल असं वाटलं होतं. पण त्याच आठवड्यात एका जुन्या बागायतदाराने घरी बोलावून घेतलं, आणि तेव्हापासून दुसरं काही सुचत नाही.

त्याच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर दोन बादल्या होत्या. डावीकडच्या बादलीत कुंपणालगतच्या ओळींमधल्या बिया होत्या. कुंपणापलीकडे शेजाऱ्याची बाग आहे, दुसऱ्या जातीची. उजवीकडच्या बादलीत त्याच्या बागेच्या पार मधल्या ओळींमधल्या. दोन्हीकडे झाड एकाच जातीचं, वय एक, खत एक, पाणी एक. बाहेरून बी सारखीच दिसते, मोठ्या गोटीएवढी, तपकिरी, गुळगुळीत. टेबलाला बसवलेल्या, बी फोडायच्या दांड्यात एकेक बी धरून तो फोडत गेला आणि गर दोन ताटल्यांत ठेवत गेला. वीसेक बिया झाल्यावर थांबला. डावीकडच्या ताटलीतले गर टपोरे होते. उजवीकडचे त्यांच्या शेजारी किरकोळ दिसत होते, आणि त्यांची फुटलेली कवचं जाड वाटत होती. वीस बियांवरून निष्कर्ष काढायचा नसतो, हे मी वर्षानुवर्षं लोकांना सांगत आले आहे. तरी डोळ्यांना दिसायचं ते दिसलं.

तो शांतपणे म्हणाला, "सलग एकच जात लाव, असं तूच सांगितलं होतंस."

खरं होतं. बारा वर्षांपूर्वी त्याच्या उसाच्या फडातून आम्ही दोघं चाललो होतो. बंडाबर्ग हा मूळचा उसाचा मुलूख. कोल्हापूर-सांगलीच्या माणसाला तिथे परकं वाटणार नाही. पण गेल्या काही वर्षांत ऊस मोडून तिथे मैलच्या मैल मॅकाडेमिया लागला आणि आज ऑस्ट्रेलियातलं सर्वांत मोठं मॅकाडेमिया क्षेत्र तेच आहे. त्या दिवशी मी त्याला सांगितलं ते तेव्हाच्या पुस्तकांना धरून होतं. एकच जात लावली की मोहोर एकदम येतो, फवारणीची वेळ एक राहते, फळ एकदम गळतं आणि गोळा करणारं यंत्र एका फेरीत काम उरकतं. परागीभवनासाठी मधमाश्यांच्या पेट्या ठेव म्हणजे झालं. त्याने माझं तंतोतंत ऐकलं, पेट्यासुद्धा सांगितल्यापेक्षा जास्त ठेवल्या.

आता थोडं झाडाविषयी सांगावं लागेल. मॅकाडेमिया हे ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या पर्जन्यवनातलं झाड. आग्नेय क्वीन्सलँड आणि न्यू साउथ वेल्सचा ईशान्य कोपरा, एवढंच त्याचं रान. तिथल्या मूळ रहिवाशांना हे फळ हजारो वर्षांपासून माहीत होतं. मॅकाडेमिया हे नाव फर्डिनांड फॉन म्युलर या वनस्पतिशास्त्रज्ञाने 1857 साली आपल्या जॉन मॅकाडम नावाच्या मित्राच्या सन्मानार्थ दिलं. 1880 च्या दशकाच्या सुरुवातीला बी हवाईला गेलं, तिथल्या प्रयोगकेंद्रात निवड होऊन कलमी जाती तयार झाल्या आणि त्याच 246, 344, 741 अशा क्रमांकांनी पुन्हा ऑस्ट्रेलियात परतल्या. 2019 मध्ये जनुकांचा माग काढल्यावर दिसलं की हवाईच्या या जातींचं मूळ जिम्पी गावाजवळच्या मूठभर रानझाडांत आहे. जगभर पसरलेल्या बागांचं घराणं इतकं लहान आहे.

आपल्याकडे हे झाड कुणी पाहिलेलं नसतं, पण त्याचा भाऊबंद सगळ्यांनी पाहिला आहे. पुण्याच्या जुन्या बंगल्यांच्या आवारात, लोणावळ्याच्या रस्त्यांवर सिल्व्हर ओक असतो ना, उन्हाळ्यात केशरी-सोनेरी दातऱ्या कंगव्यासारखा फुलणारा, तोही मूळचा ऑस्ट्रेलियाच्या त्याच पट्ट्यातला आणि त्याच कुळातला. त्याच्या फुलातून वाकून बाहेर आलेली दांडी आठवा. मॅकाडेमियाचं फूल त्याच घडणीचं, फक्त लहान आणि मलईच्या रंगाचं. पानांच्या बेचक्यांतून वीतभर लांबीचे तुरे लोंबतात, एकेका तुऱ्यावर शंभर ते तीनशे फुलं. ऑगस्टच्या अखेरीला एका मोठ्या झाडावर असे हजारो तुरे असतात. बागेत शिरलं की मधाचा गोडसर, जडसा वास येतो.

या फुलाची एक खोड आहे आणि सगळा घोळ तिथेच आहे. फूल उमलण्याआधीच त्याचे परागकोश फुटतात आणि सगळा पराग त्याच फुलाच्या स्त्रीकेसराच्या टोकावर जाऊन बसतो. म्हणजे फूल उघडतं तेव्हा त्याच्या टोकावर स्वतःचाच पराग माखलेला असतो. पण त्याच टोकावरची कुक्षी, जी एका बारीक खाचेएवढीच असते, ती त्या क्षणी तयार नसते. ती एक-दोन दिवसांनी तयार होते. मधल्या वेळात माश्या येऊन तो पराग काढून नेतात, दुसरीकडचा आणून ठेवतात. ठेवायची जागा भिंगाखाली बघावी लागते इतकी लहान. माशी आली म्हणजे काम झालं, असं नाही. तिचं अंग नेमकं त्या खाचेला लागलं पाहिजे आणि अंगावर नेमका योग्य पराग हवा.

योग्य म्हणजे दुसऱ्या जातीचा. कलम म्हणजे एकाच झाडाची नक्कल. दहा हेक्टरांवर एका जातीची तीन हजार झाडं असली तरी परागाच्या हिशेबात ते एकच झाड. शेजारच्या झाडाचा पराग म्हणजे स्वतःचाच पराग. हे वाक्य मी प्रत्येक सभेत म्हणते आणि प्रत्येक सभेत कुणीतरी उठून विचारतं, "पण माश्या तर भरपूर आहेत!" माश्या भरपूर आहेत हो. पण त्या नेतात काय? माशी ओळीतून चालते. एका झाडावरून पुढच्या झाडावर, त्याच ओळीत, आणि पोट भरलं की पेटीत परत. सलग बागेत ती दिवसभर इमानाने एकाच झाडाचा पराग त्याच झाडाला वाटत असते. पेट्या दुप्पट केल्या तर तोच पराग दुप्पट फिरतो.

मॅकाडेमिया स्वतःच्या परागाला अगदी नकार देत नाही. काही जाती थोडाफार स्वीकारतात, काही जवळजवळ नाहीच. म्हणूनच जुन्या पुस्तकांत "अंशतः स्वफलित" असा शब्द असायचा आणि आम्ही सगळे त्या "अंशतः"वर निर्धास्त होतो.

फलधारणेचा हिशेब ऐकला की लोक दचकतात. शंभर फुलांमागे शेवटी पिकून पडणारी फळं बहुधा तीनसुद्धा नसतात. सुरुवातीला पुष्कळ फळं धरतात, मग पहिल्या दोन महिन्यांत झाड ती टाकत जातं. खाली हिरव्या मण्यांचा सडा पडतो. कोकणात आंब्याची कैरी गळायला लागली की घरातली म्हातारी माणसं अस्वस्थ होतात, तशीच अस्वस्थता इथल्या शेतकऱ्याची. गळ म्हणजे रोग, असं त्याला वाटतं आणि तो फवारायला धावतो. किडींमुळे गळ होते हेही खरं. पण पुष्कळशी गळ ही झाडाने केलेली निवड असते. झाडाकडे जे अन्न आहे ते किती पोरांना पुरेल हे झाड बघतं आणि स्वतःच्या परागापासून झालेली पोरं आधी सोडून देतं.

इथे माझा आवडता वाद येतो. कंटाळा आला तरी तो पूर्ण वाचावा, अशी विनंती आहे, कारण त्यात एका माणसाची बारा वर्षांची मेहनत अडकलेली आहे.

2019 साली न्यू साउथ वेल्समधल्या संशोधकांनी बागेतल्या गरांची डीएनए चाचणी करून त्यांचा बाप कोण ते तपासलं आणि अपेक्षेपेक्षा खूप जास्त गर स्वतःच्याच परागाचे निघाले. सलग बागवाल्यांना हायसं वाटलं. पुढे बंडाबर्गच्या बागांमध्ये ग्रिफिथ विद्यापीठाच्या गटाने तेच तपासलं, तर एका जातीच्या रुंद पट्ट्यात अगदी मध्ये असलेल्या झाडांवरचेही बहुतेक सगळे गर परक्या परागाचे निघाले. सलग बागवाल्यांना पुन्हा हायसं वाटलं! त्यांचं म्हणणं असं की पराग मध्यापर्यंत पोचतो आहे, मग काळजी कसली?

हा अर्थ साफ उलटा आहे. मधल्या झाडावरचे सगळे गर परक्या बापाचे असतील, तर त्याचा अर्थ असा की स्वतःच्या परागाची पोरं झाडाने ठेवलीच नाहीत. परका पराग जेवढा पोचला तेवढेच गर उरले. किती उरले, हा खरा प्रश्न. पंगतीत जेवणारे सगळे तृप्त दिसतात म्हणून पानं पुरली असं होत नाही. उठून गेलेले मोजायला हवेत. त्याच गटाने पुढे पूर्ण झाडांवर हाताने परका पराग लावून पाहिलं, तेव्हा काही झाडांचं उत्पन्न जवळजवळ दुप्पट झालं. झाडाकडे अन्न होतं, फुलं होती, माश्या होत्या. फक्त पराग नव्हता.

पूर्ण झाड हा शब्द महत्त्वाचा. आधीचे पुष्कळ प्रयोग एकेका फांदीवर झाले होते, माझेही. फांदीवर पराग लावला की त्या फांदीला जास्त फळं येतात, पण ती शेजारच्या फांदीचं अन्न ओढून आली असतील, तर शेतकऱ्याच्या हाती काहीच जास्त पडत नाही. या शंकेमुळे आम्ही वर्षानुवर्षं ठाम बोललो नाही. शंका रास्त होती. पण शंका आहे म्हणून गप्प बसणं आणि शंका असतानाही सलग बाग लावायला सांगणं, या दोन गोष्टींत फरक आहे आणि मी दुसरी केली.

न्यू साउथ वेल्सचा निष्कर्ष मग चुकला का? नाही. जाती वेगळ्या, बागेची मांडणी वेगळी. ज्या जातीला स्वतःचा पराग चालतो आणि जिथे परका मिळतच नाही, तिथे झाड आहे तेच वाढवतं. बीही मिळतं. फक्त ते कसं मिळतं ते पाहा.

गराच्या दर्जाकडे वळते, कारण भाव दर्जावर ठरतो. आंब्यात आपण खातो ती आईची देणगी. हापूसचा गर हापूसच्याच झाडाचा, पराग कुणाचाही असो. बाप असतो तो कोयीत, आणि कोय आपण फेकतो. मॅकाडेमियात नेमकं उलटं आहे. आपण खातो तेच बी, तोच अंकुर, म्हणजे तेच मूल. कडक कवच आईचं, आतला गर अर्धा बापाचा. त्यामुळे बाप बदलला की गराचा आकार बदलतो, वजन बदलतं आणि कवचाच्या मानाने गर किती निघतो तेही बदलतं. उसाला जसा साखरेचा उतारा, तसा इथे गराचा उतारा. शंभर किलो बियांतून साधारण तेहेतीस किलो गर हा इथला सर्वसाधारण हिशेब आणि चांगल्या जातींत त्याहून बराच जास्त निघतो. दहा टक्के ओलाव्याला धरून आणि उताऱ्यावर बघून शेतकऱ्याला पैसे मिळतात. उतारा दोन-तीन टक्क्यांनी उतरला तर काय होतं, ते साखर कारखान्याच्या सभासदाला मी समजावून सांगायची गरज नाही.

दर्जाचे बाकीचे मुद्दे आहेत, पण ते परागाचे नाहीत. गरात तेल किमान 72 टक्के झालं की तो पाण्यावर तरंगतो, तोच पहिल्या प्रतीचा. बुडाला तो कच्चा, भाजताना काळपट पडतो. बी खाली पडल्यावर फार दिवस दमट जमिनीवर राहिली तर खवट होते. वाळवण घाईने केलं तर गर आतून करपट होतो. ढेकण्यासारखा एक कीडा कवच कोवळं असताना सोंड खुपसतो आणि गरावर डाग पाडतो. शेतकऱ्यांना हे सगळं ठाऊक असतं, कारण ते डोळ्यांना दिसतं. पराग दिसत नाही. म्हणून गर बारीक निघाला की खताला दोष, पावसाला दोष, कलमं देणाऱ्याला दोष.

माश्यांबद्दलही गैरसमज आहेत. मधमाशी ऑस्ट्रेलियाची नव्हे. ती 1822 साली युरोपातून आणली. मॅकाडेमियाची मूळची माशी वेगळी आहे, काळी, चार-पाच मिलिमीटरची, डंख नसलेली. आपल्या कोकणात भिंतीच्या फटीत मेणाची नळी काढून राहते ती पोयाची माशी हिची सख्खी चुलत बहीण. लहानपणी आमच्या पडवीच्या खांबात पोया होता. आजी म्हणायची, त्याला हात लावू नका, घराला बरं असतं. त्याच घराण्याची माशी मला सात समुद्रांपलीकडे माझ्या कामात भेटेल, हे तेव्हा कुणाला ठाऊक? ही माशी फुलात शिरून पराग खरवडते, म्हणून कुक्षीला तिचं अंग चांगलं लागतं. पण 18 अंशांच्या खाली ती बाहेरच पडत नाही आणि फार लांब जात नाही. तेव्हा हिच्या पेट्या ठेवूनही सलग बागेतला प्रश्न सुटत नाही. जून 2022 मध्ये न्यूकॅसल बंदरात व्हरोआ हा मधमाश्यांचा परजीवी कोळी सापडला, आणि पुढच्या वर्षी त्याला देशातून हाकलण्याचा नाद सरकारने सोडला. आता रानटी मधमाश्यांचं फुकटचं काम कमी होत जाणार. पोयाच्या माशीला व्हरोआचा त्रास नाही. तिचं मोल आता तरी कळेल अशी आशा आहे.

तर त्या दिवशी टेबलाशी बसून मी त्या बागायतदाराला सांगितलं की माझा सल्ला चुकला. तेव्हा जे माहीत होतं त्यावर दिला होता हे खरं, पण "अंशतः" या शब्दाखाली काय दडलं आहे हे मी विचारायला हवं होतं. काजूच्या बागेत वाढलेल्या माणसाला हे सुचायला हवं होतं, कारण काजूगरही बीच आहे. तो काही वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "आता काय करायचं ते सांग."

ऑगस्टच्या मोहोरात आम्ही मधल्या चार ओळींत काम केलं. पद्धत साधी आहे. दुसऱ्या जातीचे नुकते उमललेले तुरे काचेच्या नळीत घालून फिरवायचे, नळीच्या आतल्या भिंतीला पिवळसर भुकटी चिकटते. मग आपल्या झाडाचे तुरे, त्यांच्यावरचा स्वतःचा पराग काढून, त्या नळीला घासायचे. सकाळी गारठ्यात माश्या उठायच्या आधी सुरुवात करायची. एका माणसाला एका झाडाला दोन दिवस लागतात. त्याची नात शाळेला सुटी म्हणून मदतीला आली होती. तिने एका फांदीला लाल लोकर बांधली आणि म्हणाली, ही माझी. हा बागेसाठी उपाय नव्हे, बाग हाताने फुलवता येत नाही. पण पुढच्या हंगामात त्या झाडांचा उतारा बघून त्याला स्वतःलाच पटेल आणि माझ्या शब्दावर विसंबावं लागणार नाही.

खरा उपाय महाग आहे. दर काही ओळींआड एक ओळ छाटून खुंटावर दुसऱ्या जातीची कलमं बांधायची. मोहोर एकाच वेळी येणारी जात निवडायची. कलमांना मोहोर यायला काही वर्षं जातील आणि तोवर त्या ओळींचं उत्पन्न बुडणार. 2023 मध्ये मॅकाडेमियाचे भाव कोसळले, तेव्हापासून हातात पैसा कमी आहे. तरी त्याने हिवाळ्यात पहिल्या सहा ओळी छाटल्या. मला तो खर्च सांगत नाही. मीही विचारत नाही.

हा लेख लिहीत असताना कुडाळहून चुलतभावाचा फोन आला. "ताई, मॅकाडेमियाची शंभर कलमां घेतंय." रोपवाटिकेने त्याला एका झाडाचं उत्पन्न लाखात सांगितलं होतं. माझा पहिला प्रश्न रात्रीच्या गारव्याचा होता, कारण मोहोर धरायला झाडाला गार रात्री लागतात आणि कोकण किनारपट्टीवर त्या मिळणं कठीण. दुसरा प्रश्न विचारला, "जाती किती देतायत?" तो म्हणाला, एकच, सगळ्यांत भारी तीच.

त्याला जे सांगितलं तेच इथे सांगते. मॅकाडेमिया लावायचा विचार असेल तर रोपवाटिकेत आधी एवढंच विचारा, की याच्या जोडीला एकाच वेळी फुलणारी दुसरी जात कोणती आणि ती किती ओळींआड लावायची. उत्तर मिळालं नाही, तर पैसे न देता परत या. आणि घराच्या भिंतीत पोया असेल तर ती फट लिंपू नका.